मारव्याचा षड्ज कोरा

कागद जाड, ३०० जीएसएमचा, खरबरीत पोताचा, ए-फोर आकाराचा. लांबीच्या बाजूने त्याचे चार सारखे भाग पाडले की २१ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम साडेसात सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या मिळतात. रविवारी दोन कागद कापले की आठवड्याची बेगमी होते आणि एक पट्टी रंग तपासायला उरते. दिवसाला पट्टी एकच. डोक्यात दहा कल्पना नाचत असल्या तरी दुसरी घ्यायची नाही, आणि डोकं रिकामं असलं तरी ती एक चुकवायची नाही. बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं आणि कधी नैराश्यात उतरतं तो आजार, सांभाळत ऐकलेल्या रागाचे स्वर रंगवायचे तर बाकीचं सगळं या नियमाच्या पाठोपाठ येतं.

लोकांना हा नियम अरसिक वाटतो. कलावंत म्हटला की रात्री-अपरात्री झपाटल्यासारखं काम, ही प्रतिमा इतकी घट्ट बसली आहे की गोळ्या सुरू करताना पहिली भीती असते ती 'आता माझं सुचणं संपणार' हीच. चढत्या काळात सुचतं खूप, हे खरं. पण सुरू केलेल्यातलं पुरं किती होतं, आणि पुरं झालेलं महिन्याने बघवतं किती, हा हिशोब कोणी मांडत नाही. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स स्काऊ यांनी १९७९ मध्ये लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्या २४ कलावंतांची पाहणी प्रसिद्ध केली. १२ जणांचं काम वाढलं होतं, ६ जणांचं होतं तेवढंच राहिलं होतं आणि ६ जणांचं घटलं होतं. घटलेल्या सहांना खोटं पाडायचं कारण नाही. डोकं जड होणं, शब्द वेळेवर न आठवणं हे होतं, आणि त्यावर डॉक्टरांशी बोलून डोस थोडा खाली आणता येतो. स्वतःच्या मनाने एका रात्रीत लिथियम सोडणं हा मात्र सुचण्यावरचा उपाय नव्हे. अचानक सोडलं की उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो. बंद करायचंच ठरलं तरी डॉक्टर ते निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवत आणतात.

आता रंगांकडे. स्वर ऐकला की आपोआप रंग दिसणं ही काही जणांची बहुधा लहानपणापासूनची गोष्ट असते, तिला सिनेस्थेशिया म्हणतात. तो आजार नाही. त्याची खूण म्हणजे सातत्य: आज ज्याला गांधार पिवळा दिसतो त्याला तो वर्षाने विचारलं तरी पिवळाच दिसतो. चढत्या काळात रंग भडक आणि आवाज धारदार वाटायला लागतात ते वेगळं. ते टिकत नाही, आणि टिकत नाही म्हणूनच ती मनाच्या स्थितीची खूण असते. स्वर किंवा रंग आपल्यालाच उद्देशून काही सांगतोय असं वाटू लागलं तर ते कलेच्या खात्यात जमा करायचं नाही. ब्रश खाली ठेवून डॉक्टरांना फोन करायचा. माझे रंग दिसणारे नाहीत, लावून घेतलेले आहेत. त्याने काम अडत नाही.

स्वराची कंपनं रंगाच्या कंपनांशी जुळवून 'शास्त्रीय' तक्ता करायच्या नादाला लागू नये. माणसाच्या कानाचा पल्ला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकांचा. दिसणारा प्रकाश जेमतेम एका सप्तकात मावतो. न्यूटननेही १७०४ मध्ये वर्णपटाचे सात भाग पाडले ते सप्तकातल्या अंतरांच्या प्रमाणात, ओढूनताणूनच. रशियातले दोन संगीतकार, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्र्याबिन, यांचंही जमलं नाही: पाश्चात्त्य 'सी' एकाला पांढरा, दुसऱ्याला लाल. 'डी' मात्र दोघांनाही पिवळा. आपल्याकडे राग हा शब्दच रंगवणं या अर्थाच्या धातूवरून आलेला, तेव्हा यादी असणारच. 'नारदीय शिक्षा' या जुन्या ग्रंथात षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पोपटाच्या छटेचा पिंगट, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलाचा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषादात सगळे रंग. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त जवळपास हीच यादी दिली. मला त्यातला काळा पंचम पटत नाही आणि बहुरंगी निषाद फार पटतो. अशा याद्या वाचायच्या आणि मिटून ठेवायच्या. तक्ता स्वतःचाच लागतो.

तो करायला तीन आठवडे लागतात, आणि मन समतोल असतानाच तो करायचा. चढत्या काळात केलेला तक्ता नुसता लाल-केशरी होतो, उतरत्या काळातला राखाडी. बारा चिठ्ठ्यांवर कोमल-तीव्र धरून बारा स्वर लिहायचे. तानपुऱ्याच्या ॲपवर आपला षड्ज लावायचा, न बघता चिठ्ठी उचलायची, पेटीवर तो स्वर अर्धा मिनिट धरायचा आणि २ सेंटिमीटरचा चौकोन रंगवायचा. विचाराला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. मागे स्वराचं नाव आणि तारीख लिहून चौकोन पाकिटात. आठवड्याने पुन्हा, त्यानंतरच्या आठवड्याने पुन्हा, आधीचे चौकोन न बघता. तिन्ही वेळा सारखा आलेला रंग तुमचा. ज्या स्वरांचे रंग दर वेळी वेगळे आले त्यांना शेजारच्या स्वरांच्या मधला रंग द्यायचा. चौकोन पूर्ण वाळल्यावरच ताडून बघायचे, कारण जलरंग वाळला की फिका होतो. उजेडही दर वेळी तोच हवा. पिवळ्या बल्बखाली निळा मरतो, म्हणून दिवसा खिडकीजवळ किंवा ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबखाली.

माझ्या तक्त्यात कोमल ऋषभ क्रिमझन लेकमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून होतो. गांधार गॅम्बोजचा पिवळा, तीव्र मध्यम व्हिरिडियन हिरवा, धैवत अल्ट्रामरीन, निषाद कोबाल्ट निळ्यात किंचित पेन्स ग्रे. एवढ्यात मारवा राग होतो.

पट्टी चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवायची, नाहीतर ओली झाली की फुगते आणि रंग खळग्यात साचतो. ध्वनिमुद्रण महिनाभर एकच, आवाजाची पातळीही एकच. स्पीकरच्या बटणावर मी रेघ मारून ठेवली आहे, कारण चढताना हात आधी तिथे जातो. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, बारा मात्रांच्या एकतालात मात्रा चार-पाच सेकंदांची असली तर आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं होतं. वीस मिनिटांत वीस-पंचवीस आवर्तनं. त्यातली पहिली पाच ब्रश न उचलता ऐकायची आणि गायक कुठे थांबतो, कुठून निसटतो, एवढंच टेपवर पेन्सिलने टिपायचं.

मारव्यात पंचम नाही. षड्ज तानपुऱ्यात अखंड वाजत असतो, पण गाणारा त्याला चुकवत राहतो. ऋषभावर मुक्काम, धैवतावर मुक्काम, आणि षड्जाला आला तर क्षणभर टेकतो. म्हणून पट्टीत षड्ज म्हणजे कागद: सगळीकडे आहे, रंगवलेला कुठेच नाही. ऋषभासाठी डावीकडचा एकतृतीयांश भाग स्वच्छ पाण्याने ओला करायचा आणि चमक जाईपर्यंत थांबायचं. एप्रिलमध्ये दीड मिनिट, जुलैत चार-पाच. चमक असताना रंग लावला तर तो पळतो, ओल पूर्ण गेल्यावर लावला तर कडक कड धरतो. मधल्या मंद ओलीत तो कडेने विरघळतो, आणि आंदोलित नसलेला, नुसता ताणून धरलेला ऋषभ असाच दिसतो. धैवतावरून मध्यमाकडे येणारी मींड, म्हणजे न तुटता घसरत जाणारा सूर, दोन ब्रशांची: एकाने अल्ट्रामरीन लावायचा, दुसऱ्या स्वच्छ ओलसर ब्रशने त्याची कड ओढत न्यायची. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर बारीक खर दिसते. ती मला तानपुऱ्याच्या जवारीसारखी, तारेच्या गुणगुणीसारखी वाटते. गमक, म्हणजे स्वराचा जोरकस हेलकावा, जवळजवळ कोरड्या ब्रशने; कणस्वर, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, ब्रशच्या नुसत्या टोकाने.

बिघडतं ते बहुतेक घाईने. ऋषभाचा लाल आणि मध्यमाचा हिरवा एकमेकांचे पूरक रंग आहेत. पहिला थर वाळायच्या आत दुसरा त्याला भिडला की चिखल होतो. अर्धवट वाळलेल्या रंगाला पाणी जास्त असलेला ब्रश लागला की फुलकोबीसारखी कड उमटते, आणि ती पुसायला जाल तर कागदाचं पोत उखडतं. तशीच सोडून द्यावी.

वेळ कोणती, हा प्रश्न माझ्या मते रंगांपेक्षा मोठा आहे. या आजारात औषधाखालोखाल महत्त्व दिनक्रमाला. अमेरिकेतल्या एलन फ्रँक यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रोजच्या पाच वेळा टिपतात: अंथरुणातून उठण्याची, दिवसात पहिल्यांदा कुणाशी बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. हिंदुस्थानी संगीताचं समयचक्र या कामाला आयतं सापडतं: सकाळी भैरव, दुपारी सारंग किंवा भीमपलासी, सूर्यास्ताला मारवा. आपल्याकडे सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास आणि जूनअखेर सव्वासातच्या पुढे होतो, पण मी सूर्याच्या मागे धावत नाही. बारा महिने सव्वासहा. सातला ट्यूब बंद.

अडचण रात्रीच्या रागांची. मालकंस, दरबारी मध्यरात्री ऐकायचे, हे शास्त्र. पण या आजारात एका रात्रीचं जागरणसुद्धा उन्मादाची ठिणगी ठरू शकतं. तेव्हा शास्त्रकारांची क्षमा मागून मालकंस सकाळी अकराला. समय मोडला तर राग रागावत नाही, झोप मोडली तर महिना जातो. ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा आली तेव्हा मैफलींचे रसिक हळहळले, आमच्या मात्र ती पथ्यावर पडली.

नॉर्वेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत उन्मादाच्या रुग्णांना औषधांच्या जोडीने संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, सात दिवस, निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे लावायला दिले होते, आणि त्यांची लक्षणं झपाट्याने उतरली. असा चष्मा वापरायचा का, केव्हा आणि किती वेळ, हे डॉक्टरांशी ठरवावं. पण लावला असेल तर रंगाला हात लावू नये: अल्ट्रामरीन त्यातून काळा दिसतो, आणि सकाळी पट्टी पाहून भलतेच निष्कर्ष काढले जातात. चष्म्यानंतर फार तर पेन्सिलीने पुढच्या पट्टीचा आराखडा.

लिथियमने बोटांना बारीक कंप सुटतो, आणि चित्रकाराला तोच सगळ्यात जास्त छळतो. शून्य नंबरचा ब्रश हट्टाने धरण्यात अर्थ नाही. दहा-बारा नंबरचा गोल ब्रश घ्यावा, टोक चांगलं असेल तर तोही बारीक रेघ मारतो. दोन पुस्तकांवर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवून मनगट तिच्यावर टेकवावं आणि लांब रेघ बोटांनी न काढता खांद्यापासून काढावी. कॉफीने कंप वाढतो. पण ती एकदम सोडूही नये, कारण कॅफीन लिथियम शरीराबाहेर टाकायला मदत करतं आणि ते अचानक थांबलं की रक्तातली पातळी चढते. कंप फारच असेल तर त्यावर औषध असतं, डॉक्टरांना विचारावं. तहानही खूप लागते. ब्रश धुवायचा ग्लास आणि प्यायचा ग्लास शेजारी ठेवला की काय होतं ते सांगायला नको. प्यायचं पाणी झाकणाच्या बाटलीत, आणि ती टेबलावर नव्हे, जमिनीवर.

पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देऊन करतात. देखभालीच्या काळात ती बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेचा धोका. मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियमच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी. निर्जळी उपवास, जुलाब, उन्हातली पायपीट, एकाएकी मीठ बंद करणं, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, यांतल्या कशानेही पातळी चढते. एकादशीला पाणी न पिण्याचा हट्ट घरच्या वडीलधाऱ्यांनी धरला तर तो डॉक्टरांच्या तोंडून मोडून घ्यावा. बारीक कंपाचा एकाएकी जाड, हेलकावणारा कंप झाला, सोबत उलट्या, तोल जाणं, बोलणं अडखळणं असलं, तर पुढची गोळी न घेता थेट इस्पितळ.

हा फरक कळावा म्हणून दर रविवारी पट्टीच्या मागे बॉलपेनने एक शंख काढायचा, मधून बाहेर उलगडत जाणारा, हात न टेकवता. कंप तपासायला मेंदूविकारतज्ज्ञही हेच काढून घेतात. बारा रविवारांचे बारा शंख शेजारी मांडले की कंप वाढतोय का घटतोय ते डॉक्टरांना शब्दांशिवाय दाखवता येतं.

स्वरांशी काम करणाऱ्याने कार्बामाझेपिनबद्दल एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. मनःस्थिती स्थिर ठेवायला ते काहींना देतात, आणि क्वचित त्याने ऐकू येणारा स्वर साधारण अर्ध्या स्वराने उतरलेला वाटतो. काळी एक वाजवली तरी कानाला पांढरी एक. अशा नोंदी मुख्यतः जपानमधून आल्या, स्वर निरपेक्षपणे ओळखणाऱ्यांच्या. औषध थांबवल्यावर कान पूर्ववत होतो. आपला सगळा कारभार षड्जाच्या नात्यावर चालतो, त्यामुळे सगळंच एकदम उतरलं तर पुष्कळांच्या ध्यानातही यायचं नाही. येईल ते वर्षानुवर्षं एकाच षड्जावर पेटी वाजवणाऱ्याच्या. तसं वाटलं तर ट्यूनरवर स्वर तपासावा: ट्यूनर बरोबर आणि कान चुकतोय असं दिसलं तर डॉक्टरांना सांगावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तोवर नवा तक्ता करायला घेऊ नये.

पट्टीच्या मागे रोज एक ओळ लिहायची: झोपेचे तास, गोळीची खूण, मनाचा आकडा उणे तीन ते अधिक तीन, रंगवण्याची मिनिटं. मनाचा आकडा खोटं बोलतो, विशेषतः वर जाताना. चढताना कोणालाही आपण 'अधिक दोन' आहोत असं वाटत नाही, अखेर बरं वाटतंय असंच वाटतं. पट्टी खोटं बोलत नाही. रंग टेपच्या बाहेर जातो, षड्जाचा कोरा भाग भरून जातो, वीस मिनिटांची पन्नास होतात, थर वाळायची वाट पाहिली जात नाही म्हणून चिखल वाढतो, आणि पाचाऐवजी अकरा रंग पॅलेटवर येतात. यातल्या दोन गोष्टी लागोपाठ दोन दिवस दिसल्या आणि झोप सहा तासांखाली जाऊनही थकवा नसला, तर तिसरी पट्टी रंगवण्याआधी डॉक्टरांना फोन. हा नियम बरं असताना लिहून भिंतीवर लावायचा, म्हणजे घरच्यांनाही बोट दाखवता येतं.

उतरतीच्या दिवसांत निवड करणं हेच ओझं असतं, म्हणून निवड आधीच करून ठेवायची. ट्यूबमधले रंग चांगल्या दिवसांत प्लास्टिकच्या खळग्यांत पिळून वाळवून ठेवावेत, पाण्याचा थेंब टाकला की काम सुरू. रंग दोनच, वेळ दहा मिनिटं, राग नको, नुसता तानपुरा. पट्टी ओली करून एक रंग सोडला तरी पट्टी झाली. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर पट्टीबिट्टी बाजूला ठेवून घरातल्या माणसाला उठवायचं, किंवा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करायचा. तिथे मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

पैशाबद्दल थोडं. चढत्या काळातली खरेदी रंगाच्या दुकानात फार सभ्य दिसते, म्हणून लवकर पकडली जात नाही. महिन्याची रक्कम ठरवावी, ऑनलाइन घेतलेली वस्तू ४८ तास टोपलीत राहू द्यावी, आणि कार्डाचा तपशील दुकानाच्या ॲपमध्ये साठवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवता येतं, आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमता येतो. तो नेमताना त्याला या पट्ट्यांचं खोकं दाखवून ठेवावं. कोणत्या पट्टीनंतर बोलायचं हे त्याला कळलं पाहिजे.

पट्ट्या बुटाच्या खोक्यात उभ्या लावायच्या, महिन्यागणिक पुठ्ठा घालून, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून, नाहीतर पावसाळ्यात बुरशीचे ठिपके पडतात आणि ते कणस्वरांसारखे दिसतात. भिंतीवर लावण्याचा मोह होतो, पण क्रिमझन लेक उजेडात उडतो. खिडकीसमोर टांगलेल्या पट्टीत वर्षाने ऋषभ फिका दिसला तर तो त्या दिवशीच्या मनाचा नव्हे, उन्हाचा परिणाम.